महबूबमामांचा नंबर

महबूब शेख यांनी आमच्या साखर कारखान्याच्या यार्डात एकोणतीस हंगाम नंबर दिले. एवढ्या काळात त्यांनी दिलेला एकही नंबर कुणाला पटला, असं माझ्या ऐकिवात नाही. मी त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून आहे आणि यार्डाकडे उघडणाऱ्या खिडकीशी माझं टेबल आहे, तेव्हा ऐकण्यात मी कमी पडलो असंही नाही.

आमच्याकडे भीमेच्या दोन्ही काठांचा ऊस येतो, म्हणजे शिरूर तालुक्याचा आणि दौंडचाही. हंगाम तापला की यार्डात दोनअडीचशे वाहनं उभी राहतात. त्यात ट्रक असतात, दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, बैलगाड्या असतात. ऊस जिथे ओततात तो फिरता पट्टा, म्हणजे गव्हाण, मात्र एकच. तिच्याकडे आधी कोणी जायचं हे ठरवणं म्हणजे नंबर देणं. वजनकाट्याशेजारी पत्र्याची केबिन होती, तिथे बसून महबूबमामा भोंग्यावर नंबर पुकारायचे.

नियम साधा होता, आधी आला तो आधी. पण उसाला तो कळत नाही. तोडून चार दिवस झालेला ऊस वाळत चाललेला असतो, त्याला पुढं काढावं लागतं. भर दुपारी बैल उन्हात उभे असतात. एखादा ड्रायव्हर तापानं फणफणलेला असतो. शिवाय वरून फोन येतात, आणि फोन करणाऱ्याचा ऊस नेहमीच कालच तोडलेला आणि अतिशय घाईचा असतो. मामा हे सगळं डोक्यात घेऊन नंबर द्यायचे. मग ज्याचा नंबर मागं जायचा तो केबिनसमोर येऊन त्यांच्या आईवडिलांपासून सुरुवात करायचा. कुणी म्हणायचं, हा दौंडकडच्या पाटसवाल्यांना पुढं घेतो. पाटसवाले म्हणायचे, याचे सगळे सोयरे नदीपलीकडं आहेत. दोनदा चौकशी झाली. दोन्ही वेळा काही निघालं नाही, आणि काही निघालं नाही म्हणून संशय जास्तच वाढला.

मामा शांत माणूस. शिव्या ऐकून घ्यायचे आणि पुढचा नंबर पुकारायचे. घरी गेल्यावर बायकोला, अमीरबींना, सांगायचे की आज जरा कमी बोलले लोक.

आमचे चेअरमन सर्जेराव आबा. त्यांचे चिरंजीव सत्यजीतदादा शिकून आले आणि संचालक झाले. येताना त्यांनी तंत्रज्ञान आणलं. आधी सगळ्या खात्यांच्या दारांवर अंगठ्याची यंत्रं बसली. ती बंद पडल्यावर चेहरा ओळखणारी आली. त्यांना ऊस वाहणाऱ्यांचे धुळीनं माखलेले चेहरे सगळे एकसारखेच दिसायचे. मग दादांनी यार्डाकडे मोर्चा वळवला. नंबर संगणकानं द्यायचे, त्याचं नाव ‘ऊसमित्र’, एवढं ठरलं. नाव ठरलं की आमच्याकडे निम्मं काम झालं असं धरतात.

पुण्याच्या एका संस्थेतल्या गौतमी मॅडम तेव्हा ह्याच विषयावर संशोधन करत होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. यंत्र विकत घेण्याआधी माणसं त्याच्याशी कशी वागतात ते बघा, आणि ते बघायला खेळ मांडा. खेळात यार्ड असेल, वाहनं असतील, भांडणंही असतील. नुकसान कुणाचं होणार नाही. दादांना ‘सिम्युलेशन’ हा शब्द आवडला. त्यांनी लगेच होकार दिला.

त्यासाठी मॅडम ऑगस्टमध्ये पंधरा दिवस येऊन यार्ड समजून घेत होत्या. हंगाम नव्हता, यार्डात गवत वाढलं होतं. महबूबमामा त्यांना रिकाम्या जागेवर हात करून सांगायचे, इथं ट्रक, इथं गाड्या, इथं भांडण. पंधराव्या दिवशी मॅडमनी त्यांना एक अवघड गोष्ट विचारली. ऊसमित्रचा पडदा तयार होता, त्यावर बोलणारा बाईचा आवाजही तयार होता, पण आतलं डोकं अजून कुणी लिहिलं नव्हतं. अशा वेळी आतून एक माणूस गुपचूप उत्तरं देतो आणि खेळणाऱ्यांना वाटतं यंत्रच बोलतंय. संशोधनात ही मान्य पद्धत आहे. खेळ संपला की मात्र सगळ्यांना खरं सांगायचं, हा नियम. तर काका, तुम्ही आत बसाल का?

मामांनी विचारलं, “म्हंजी मी मशीन व्हायचं?”

मॅडम हो म्हणाल्या. मामांनी कागदावर सही केली. मॅडमनी स्वतः सांगेपर्यंत कुणाला काही बोलायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं.

सप्टेंबरात एका शनिवारी ट्रेनिंग हॉलमध्ये खेळ झाला. जमिनीवर यार्डाचं भलंमोठं फ्लेक्स अंथरलं होतं. दौंडच्या बाजारातून प्लॅस्टिकचे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या अशी चाळीसेक वाहनं आणली होती. एक मिनिट म्हणजे एक तास. प्रत्येकाला चिठ्ठीवर भूमिका मिळाली. मला गुंठाभर जमीन नाही, मी ऊस बागायतदार झालो. दोनशे एकरांचे मालक असलेले एक संचालक गाडीवान झाले आणि बैलांना पाणी कोण पाजणार म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच वैतागले. संपत हा खराखुरा ट्रॅक्टर ड्रायव्हर, त्याला ट्रॅक्टरच मिळाला. महबूबमामा पाहुण्यांकडे केडगावला गेलेत, असं सगळ्यांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते शेजारच्या स्टोअर रूममध्ये गणपतीच्या मंडपाच्या बांबूंमध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते. हॉलमधलं सगळं त्यांना तिथल्या पडद्यावर दिसत होतं, आणि ठरलेल्या वाक्यांतलं एक निवडून फक्त बोट टेकवायचं होतं. काही वेगळं बोलायचं असलं तर मॅडमची सहकारी अपेक्षा शेजारी बसून टाइप करून द्यायची.

पहिला डाव माणसाचा होता. आमच्या ऑफिसातले एक हेडक्लार्क सुपरवायझर झाले. बाराव्या मिनिटाला त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप झाला. पंधराव्या मिनिटाला संपत फ्लेक्सच्या मधोमध मांडी घालून बसला आणि माझा नंबर लागल्याशिवाय उठणार नाही म्हणाला. एका ट्रकचं चाक निघालं. प्लॅस्टिकच्या उसावरून दोन मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली. मॅडम भराभर लिहून घेत होत्या.

दुसरा डाव यंत्राचा. पडदा उजळला आणि त्या बाईनं पुण्याच्या शुद्ध मराठीत सांगितलं, “वाहन क्रमांक अकरा, कृपया गव्हाणीकडे प्रस्थान करावे.” अकरा नंबर निघाला. कुणी काही बोललं नाही. मग सव्वीस, मग चार. माझ्या उसाचा नंबर तिसावा आला तेव्हा मलाही वाटलं, असेल काहीतरी हिशेब.

मध्येच एक बैलगाडी रांग सोडून पुढं गेली. संपतनं कारण विचारलं. पडद्यावर अक्षरं आली, बैल उन्हात उभे आहेत. हॉलभर हूं असा आवाज उठला. यंत्राला बैलांचं ऊन कळतं, हे मोठंच होतं. त्यानंतर सत्यजीतदादांनी त्यांच्या चिठ्ठीप्रमाणे संचालक म्हणून फोन केला आणि आपल्या माणसाची गाडी पुढं घ्यायला सांगितली. बाई म्हणाली, “आपली विनंती नोंदवली आहे. आपला क्रमांक चौदा आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, दादांनीही वाजवल्या. हेच उत्तर महबूबमामांनी पूर्वी एकदा एका संचालकांना दिलं होतं. त्याबद्दल त्यांना दोन महिने गोडाऊनवर पाठवलं होतं.

सव्वा वाजता यंत्र थांबलं. पडद्यावर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच दिसत होतं. दहा मिनिटं पंचवीस माणसं गप्प उभी राहिली. मोठा विचार करतंय, असं माझ्या शेजारचा हळूच म्हणाला. आत मामा बांबू बाजूला सारून नमाज पढत होते. हंगामात ते पाच मिनिटं केबिनमधून उठले तरी यार्डात बोंब व्हायची.

डाव संपल्यावर फॉर्म भरून घेतले. सुपरवायझरवर विश्वास किती, पाचपैकी गुण द्या. सरासरी दोनच्या आत आली. यंत्राला पावणेपाच. मी स्वतः पाच दिले होते.

आता मॅडम खरं सांगायला उभ्या राहिल्या. त्यांनी “एक महत्त्वाची गोष्ट” एवढंच म्हटलं आणि दादांनी माईक घेतला. भविष्य आज आपण डोळ्यांनी पाहिलं, असं ते म्हणाले, आणि पुढची पंचवीस मिनिटं भविष्यावर बोलले. मग जेवणं वाढली. मॅडमनी त्यांना गाठलं, तेव्हा दादा म्हणाले, आता वातावरण चांगलं आहे, ते बारकावे तुम्ही अहवालात लिहा. मॅडमनी ते लिहिलं. अहवाल अठ्ठ्याऐंशी पानांचा होता आणि ही गोष्ट एक्केचाळिसाव्या पानावर होती. आमच्या कारखान्यात अहवालाचं मुखपृष्ठ आणि शेवटचं आभाराचं पान वाचायची पद्धत आहे.

ऑक्टोबरात बोर्डाची मीटिंग झाली. ऊसमित्र घ्यायचं ठरलं आणि यार्ड सुपरवायझरचं पद रद्द झालं. महबूबमामांच्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. आबांनी त्यांना बोलावून घेतलं. आबा मनानं वाईट नाहीत, त्यांनी चहा पाजला.

“महबूब, वाईट वाटून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “पण ते तुझ्यापेक्षा चांगलं काम करतं. मी डोळ्यांनी बघितलंय.”

मामा म्हणाले, “चांगलंच करतंय आबा. म्या बी बघितलंय.”

सही केली होती, म्हणून ते गप्प राहिले. त्यांनी फक्त अमीरबींना सांगितलं, कारण घर हे कारखान्याच्या बाहेर असतं असा त्यांनी अर्थ काढला. अमीरबींनी त्यांना तीनदा सांगायला लावलं. मशीनच्या जागी तुम्ही बसला, तुमचंच काम लोकांना आवडलं, आन् त्यापायी तुम्हालाच उठवलं? तिसऱ्यांदा ऐकून त्या म्हणाल्या की राहिलला फोन लावा. राहिल हा त्यांचा मुलगा, रांजणगावच्या एमआयडीसीत नोकरीला. त्याला चौथ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, अब्बा, आमच्याकडं हे रोजचंच हाय.

पुढं बऱ्याच महिन्यांनी मामांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांना खुर्ची गेल्याचं फार दुःख नव्हतं. त्यांना वेगळीच चुटपुट होती. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नंबराला टाळ्या पडल्या, आणि त्या त्यांनी बांबूंच्या मागं बसून ऐकल्या. “कोन कोन वाजवत हुतं, ते त्या बारक्या पडद्यावर कळंना,” ते म्हणाले.

नोव्हेंबरात हंगाम सुरू झाला. ऊसमित्र आता खरं होतं. दुसऱ्याच एका कंपनीनं त्याचं डोकं लिहिलं होतं. ड्रायव्हरच्या फोनमध्ये ते घालायचं, फोन यार्डाच्या फाटकात आला की आपोआप नंबर लागणार. पहिला आठवडा छान गेला.

दुसऱ्या आठवड्यात संपतच्या लक्षात आलं की नंबर ट्रॅक्टरला लागत नाही, फोनला लागतो. मग त्याचा ट्रॅक्टर तळेगाव ढमढेऱ्याच्या रानात भरत असायचा आणि त्याचा फोन मेहुण्याच्या मोटारसायकलवर बसून यार्डात पोचायचा. चार दिवसांत ही बातमी दोन्ही तालुक्यांत झाली. मग एकच मेहुणा पिशवीत बावीस फोन घालून यायला लागला. गाडीवानांकडे साधे बटणांचे फोन होते, त्यामुळं त्यांच्या गाड्या यंत्राच्या लेखी जगातच नव्हत्या. त्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या.

एका मंगळवारी पडद्यावर यार्ड तुडुंब भरलेलं होतं. एकशे ऐंशी वाहनं दिसत होती आणि बाई एकेका नंबराला प्रस्थान करायला सांगत होती. खाली यार्डात सहा मोटारसायकली उभ्या होत्या. गव्हाण रिकामी फिरत राहिली आणि शेवटी ऊस नाही म्हणून गाळप थांबलं. ऑफिसात सत्यजीतदादा पडद्याकडे बघायचे, मग माझ्या खिडकीतून बाहेर बघायचे, मग पुन्हा पडद्याकडे. त्यांना पडदा जास्त खरा वाटत होता, हे मी शपथेवर सांगतो.

दादांनी गौतमी मॅडमना फोन केला. त्या दिवशी तुमचं यंत्र इतकं शहाण्यासारखं वागत होतं, ते आता असं का करतंय? मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांनी अहवालाचं एक्केचाळिसावं पान उघडून दादांच्या आणि आबांच्या समोर ठेवलं. आबांनी ते चष्मा लावून वाचलं आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मॅडम म्हणाल्या, आता मला सगळ्यांना सांगावंच लागेल. ते तेव्हाच सांगायला हवं होतं आणि मी गप्प बसले, चूक माझी आहे. दादांना हे नको होतं. पण आबांना वाटलं, लोकांना खरं कळलं तर निदान महबूबला परत बसवता येईल. गाळप आधीच थांबलेलं होतं. म्हणून त्याच हॉलमध्ये त्याच पंचवीस जणांना बोलावलं. महबूबमामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि पुढच्या रांगेत बसले होते.

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. स्टोअर रूम, लॅपटॉप, बांबू, काहीच लपवलं नाही. मग संपत उठला.

“मॅडम, तुमचं मशीन बिघडलंय, त्ये आमाला कळतंय,” तो म्हणाला. “पर त्येच्यासाठी मामांचं नाव घिऊ नका.”

लोकांनी माना डोलावल्या. मॅडमनी मामांकडे पाहिलं. मामा उभे राहिले आणि म्हणाले, व्हय, मीच हुतो. त्यावर एकानं त्यांना प्रेमानं खाली बसवलं. मामांना वाईट वाटू नये म्हणून मॅडम असं म्हणतात, असं बहुतेकांचं मत पडलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि मी पाच गुण दिलेले असल्यामुळे मला ते सोयीचंही होतं.

मॅडम हट्टाला पेटल्या. फ्लेक्स पुन्हा अंथरलं. तीच वाहनं, त्याच चिठ्ठ्या, फक्त या वेळी पडदा नव्हता. महबूबमामा सगळ्यांच्या समोर खुर्चीवर माईक घेऊन बसले आणि तसेच नंबर द्यायला लागले. अकरा, सव्वीस, चार. “चार कशापायी?” म्हणून आवाज आला. बैलगाडी पुढं काढली तर एकजण म्हणाला, गाडीवान याच्या ओळखीचा आहे. हा गाडीवान म्हणजे तेच दोनशे एकरवाले संचालक होते. आठव्या मिनिटाला संपत फ्लेक्सवर जाऊन बसला.

मॅडमनी लिहिणं थांबवलं. मामा मात्र हसत होते. मी त्यांना एवढं मोकळं हसताना यापूर्वी पाहिलं नव्हतं. त्यांनी माईक खाली ठेवला आणि म्हणाले, “बगा मॅडम, आत्ता कसं हंगामासारखं वाटतंय.”

आबांनी त्यांना बाजूला घेतलं. “महबूब, तू आत बस,” ते म्हणाले. “बाहेर बसलास की लोकांना तू दिसतोस.”

पद रद्द झालेलं होतं, ते परत आणायचं तर बोर्डानं चूक झाली असा ठराव करावा लागला असता. असा ठराव कारखान्याच्या स्थापनेपासून झालेला नाही. म्हणून मामांना कंत्राटावर ‘प्रणाली सहायक’ नेमलं, म्हणजे नंबर पुन्हा मामा आतून देणार आणि बाई पुकारणार. मामांनी एकच अट घातली. आतल्या खोलीला यार्डाच्या बाजूनं खिडकी पाडून द्यायची, पडद्यावरचं यार्ड आपल्याला चालणार नाही. गवंडी त्याच दिवशी आला. गाडीवान आत आले, मोटारसायकली घरी गेल्या. बाईचा आवाज तोच राहिला. उरलेल्या हंगामात यार्डात एकही मोठं भांडण झालं नाही, आणि जानेवारीपासून आजूबाजूच्या कारखान्यांची मंडळी आमचं ऊसमित्र बघायला यायला लागली. दादा त्यांना सगळं दाखवायचे, ती खोली सोडून. तिच्या दारावर ‘सर्व्हर’ अशी पाटी होती.

मार्चमध्ये हंगाम संपला तेव्हा ऊसमित्रचा सत्कार ठेवला. आबांनी पडद्याला हार घातला. यंत्रानं दोन शब्द बोलावेत अशी दादांची इच्छा होती, आणि ते कोणते असावेत हे त्यांनी सकाळी मामांना लिहून दिलं होतं. त्यात प्रगती, पारदर्शकता वगैरे होतं. मामांनी तो कागद खिशात ठेवला. त्यांना आता एका बोटानं टाइप करता यायचं. बाई म्हणाली, “सर्व वाहनचालकांनी पुढील हंगामात मोळ्या घट्ट बांधून आणाव्यात. वाटेत ऊस सांडतो. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा लावावा. धन्यवाद.” लोक गंभीरपणे ऐकत होते. संपतनं तिथल्या तिथं शेजाऱ्याला सांगितलं की आपल्या मागच्या दिव्याची वायर तुटलीय, उद्या बघतो.

मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांच्यानंतर त्या खोलीत कोण बसणार, हा प्रश्न दादांना एकदाचा पडला. म्हणून मामांनी त्यांचे सगळे नियम लिहून द्यावेत, मग ते यंत्राला शिकवता येतील, असं ठरलंय. गौतमी मॅडम दर रविवारी रेल्वेनं केडगावला उतरतात आणि जीपनं मामांच्या घरी येतात. अमीरबी चहा करतात, मामा सांगतात, मॅडम लिहितात. दोन वह्या भरल्या आहेत. ब्रेक खरंच गेलाय की ड्रायव्हर खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं, यावरच अकरा पानं झाली. परवा मी गेलो होतो तेव्हा मॅडमनी विचारलं, काका, आपण हंगामाच्या कुठपर्यंत आलो? मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.